नियमाला मेलेला ओबद्या

नदीकाठच्या एका वाडीत ओबद्या नावाचा भोळा वीटकरी राहायचा. अंगाने रेडा, मनाने वासरू. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा.

त्याची बायको तबीथा. तिचा बाप्तिस्मा लग्नाआधीच झालेला, याचा व्हायचा होता. त्यामुळे प्रभुभोजनाच्या रविवारी ती एकटी पुढे जाऊन भाकर घ्यायची, आणि हा मागे दाराशी बसून बघायचा. सहा वर्षं असं चाललं. तबीथाचं मागणं फार नव्हतं. एकदा तरी नवऱ्याने शेजारी बसून ती भाकर खावी, एवढंच.

पण चर्चचे पाळकसाहेब नियमाचे पक्के. म्हणायचे, "आधी नियम पाळायला शीक, मग बाप्तिस्मा."

"सांगा, साहेब."

"रविवारी ओझं उचलायचं नाही."

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

त्या रविवारी उपासना सुटली आणि म्हातारा याकोब चर्चच्या पायरीवरून घसरला. पडला तो पडलाच.

"ओबद्या, हात दे रे," म्हातारा कण्हला.

ओबद्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "याकोबबाबा, तुमचं वजन दीड मण तरी भरेल. उद्या उजाडल्याबरोबर येतो." आणि ऊन लागू नये म्हणून त्याच्या डोक्यावर आपला पंचा टाकून घरी गेला.

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, दया नियमाहून मोठी. माणूस खाली गेलेला दिसला, की वार बघू नये. उचलावं."

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

पुढच्या रविवारी पापकबुलीची प्रार्थना आली. सगळी मंडळी गुडघ्यावर गेली. ओबद्याने बाह्या सरसावल्या आणि बगलेत हात घालून एकेकाला उभं करत सुटला. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन शद्रखला त्याने तीनदा उभं केलं, शद्रख तीनदा खाली बसला.

"सोड की लेका," डीकन दात खाऊन म्हणाला.

"भिऊ नका डीकनबाबा. मी आहे ना."

पाळकसाहेब म्हणाले, "अरे, ते पडले नव्हते. पाप कबूल करत होते. अशा माणसाला हात लावू नये. त्याच्यासाठी मोठ्याने म्हणावं, 'प्रभू, या पाप्याला क्षमा कर.'"

"बरं साहेब. लक्षात ठेवतो."

बुधवारी बाजार. डीकन शद्रख गुंजाबाईच्या वांग्यांच्या ढिगापुढे गुडघे टेकून वांगी निवडत होता. ओबद्याने टोपी काढली, डोळे मिटले आणि खड्या आवाजात म्हणाला, "प्रभू, या पाप्याला क्षमा कर."

सारा बाजार वळून बघायला लागला. डीकनाचा चेहरा उतरला.

"दोनच होती रे," तो पुटपुटला आणि त्याने कोटाच्या खिशातून दोन वांगी काढून ढिगावर ठेवली.

"आता मिरच्याही काढा," गुंजाबाई म्हणाली.

डीकन तडक पाळकसाहेबांकडे गेला. "साहेब, याला नियम शिकवणं बंद करा. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

दोन वांग्यांनी ते झालं, जे तबीथाच्या सहा वर्षांच्या विनवण्यांनी झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी ओबद्याला बोलावलं. म्हणाले, "नियमाने कुणाचं तारण होत नाही, तुझं तर नाहीच. आता विश्वासाने जग. तुला काही करायचं नाही. करायचं ते प्रभूने केलंय. बाप्तिस्म्यात जुना माणूस मरतो. तू नियमाला मेलास, असं समज."

"मेलो, साहेब. लक्षात ठेवतो."

"मेलेल्याने लक्षात ठेवायचं नसतं रे."

"बरं. तेही लक्षात ठेवतो."

ईस्टरच्या सकाळी मंडळी डोहावर जमली. तबीथा नवं लुगडं नेसून काठावर उभी. पाळकसाहेबांनी कमरेइतक्या पाण्यात ओबद्याला बुडवलं. बुडवला, पण वर येईना. काही करायचं नाही म्हणून सांगितलेलं, तो काहीच करत नव्हता. पाळकसाहेबांनी काखेत हात घालून ओढलं तेव्हा कुठे नाक वर आलं.

"अरे, पाय रोव."

"मेलोय, साहेब," असं म्हणून ओबद्या पुन्हा खाली गेला आणि जाताना पाळकसाहेबांनाही घेऊन गेला.

शेवटी चार जणांनी त्याला खांद्यावर उचलून चर्चात नेलं आणि प्रभुभोजनाच्या मेजापुढे आडवं केलं. पाळकसाहेबांच्या झग्यातून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "ओबद्या, जुना मेला, झालं ते झालं. आता तू अगदी नवा माणूस आहेस. मागचं काही तुझं नाही. ऊठ."

ओबद्या उठून बसला. पहिल्यांदाच जग बघावं तसं त्याने चहूकडे बघितलं. तबीथा त्याच्या शेजारी येऊन बसली. पाळकसाहेबांनी भाकर मोडून दोघांच्या हातावर ठेवली. तबीथाचे डोळे भरून आले.

ओबद्या हातभर बाजूला सरकला.

"बाई, आपण कोण?"

"अहो, मी तबीथा. तुमची बायको."

"ती जुन्याची. तो आत्ताच वारला. गरीब होता बिचारा."

ओबद्याने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठून पाळकसाहेबांच्या कानाशी वाकला. पण वीटकऱ्याचं कुजबुजणं ते, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं. "साहेब, ही विधवा बाई मनात भरली. आमचं लग्न लावता का?"

पाळकसाहेबांना तीस वर्षांची सवय. विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं, "तीन रविवार मंडळीत नावं पुकारल्याशिवाय लग्न लागत नाही. नियम आहे."

"बरं साहेब. लक्षात ठेवतो," ओबद्या म्हणाला. हातातली भाकर त्याने तशीच ताटात ठेवली, परक्या बाईला अदबीने सलाम केला आणि तीन आठवड्यांसाठी डीकनाच्या ओसरीवर राहायला गेला.