खुरपं वैतागलं त्याची गोष्ट

फार पूर्वी अवजारांनाही तोंड होतं, तेव्हा ठकूबाईच्या भुईमुगाच्या रानात एक खुरपं होतं. ते रोज वैतागलेलं असायचं.

सकाळ झाली की भुईमूग ओरडायचा, "अरे, हा तांदुळजा काढ! माझं पाणी पितोय मेला." खुरपं निघालं की बांधावरची शेळी ओरडायची, "मुळापासून नको रे, वरवर काप! पुन्हा फुटला की मला चरायला होईल." आणि खुद्द ठकूबाई त्याच तांदुळज्याची कोवळी पानं खुडून ओच्यात भरायची. म्हणायची, "असू दे, संध्याकाळच्या भाजीला होतोय."

"एकदा काय ते ठरवा ना!" खुरपं कावलं. "एक पातं मी, कुणाकुणाचं ऐकू? तण म्हणजे नेमकं काय?"

"जे कुणी पेरलं नाही ते तण," भुईमूग ऐटीत म्हणाला. "त्यात विचारायचं काय? मुळासकट काढायचं!"

पुढे भुईमूग निघाला आणि त्या रानात कांदा लागला. मातीत चुकून राहिलेली एक शेंग कांद्याच्या पाण्यावर उगवली. लगेच कांदे ओरडले, "खुरप्या, हे तण काढ आधी!"

खुरपं तिथं गेलं.

"थांब!" रोप किंचाळलं. "अरे, मी भुईमूग! ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की. तुला इथं पेरलं कुणी?"

रोपानं बांधाकडे पाहिलं. मग हळूच म्हणालं, "ती शेळी काय म्हणायची रे? वरवर काप, असंच ना?"