न जळणारी खोली

अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात आयुष्य काढलेले दत्ताराम शेलटकर धाप लागून लागून गेले. त्यांची बायको तारामती कामगार न्यायालयात गेली. तिची एकच मागणी होती. कंपनीचा डॉक्टर दरवर्षी कामगारांच्या छातीचा एक्स-रे काढायचा, ते रिपोर्ट दाखवा.

मॅनेजर सबनीस शांतपणे म्हणाले, "दाखवले असते, पण रेकॉर्डच्या खोलीला आग लागली. सगळं जळून खाक झालं."

"गेटजवळची खोली ना, साहेब?" तारामतीने विचारलं. "ती तर तुमच्याच पत्र्यांची आहे."

"अर्थात. भिंतीसुद्धा."

"मग गेटवरच्या पाटीवर तुम्ही लिहिलंय, आमच्या पत्र्याच्या आत आग शिरत नाही. आता खोटं कोण, तुम्ही की पाटी?"

पाटी खोटी म्हणावी तर धंदा बुडणार होता. सबनीस चाचरत म्हणाले, "काही कागद वाचलेही असतील."

न्यायाधीशांनी लगेच माणूस पाठवून खोली उघडायला लावली. तिथे आगीची खूणसुद्धा नव्हती. फायली कोर्टात आल्या. दत्तारामांच्या फायलीवर फार जुना शेरा होता: 'फुप्फुसात धूळ. कामगाराला कळवू नये.' न्यायाधीशांनी दुसरी फाईल उघडली, मग तिसरी. शेरा तोच होता.

"यातली माणसं आता कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

सबनीसांनी मान खाली घातली. "बरीचशी कामावर आहेत, साहेब. आत्ता दिवसपाळी चालू आहे."