कातळवणचा बाहुलेवड

कातळवणच्या तिठ्यावर मोठा वड आहे. त्याच्या पारंब्यांना शेकडो चिमुकल्या बाहुल्या बांधलेल्या दिसतात. कुणाचं डोकं नारळाच्या सोडणाचं, कुणाचा झगा विरीचा, म्हणजे सुपारीच्या गळलेल्या झावळीच्या रुंद देठाचा. पाहुणे विचारतात, हा कुठल्या देवाचा नवस? तेव्हा दाजी गुरव सांगतात की, नवस खरा, पण तो बोलली भागू ठाकरीण.

फार मागची गोष्ट. एका साली गावात देवीच्या रोगाची साथ आली आणि घरटी एखादं पोर घेऊन गेली. जी वाचली, त्यांनी खेळणंच सोडलं म्हणे. ती अंगणात नुसती बसून राहत. आया भरवत, पोरं गिळत, एवढंच.

अशा वेळी भागू आपला भाऊ बुधाजी याच्याबरोबर कळसूत्री बाहुल्यांचा पेटारा घेऊन गावात आली. बाहुल्या सात पिढ्यांच्या. त्यांची दोरी घराण्याबाहेरच्या हातात कधी गेली नव्हती. तिने वडाखाली भर दुपारी खेळ मांडला. राक्षस नाचवला, विदूषक आपटला. पोरांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भागूला स्वतःचा मेलेला लेक आठवला आणि तिने वडाला हात लावून शब्द दिला, की ही पोरं खेळल्याशिवाय मी हे गाव सोडणार नाही.

तिसऱ्या दिवशी ती खेळ अर्ध्यावर थांबवून बाहेर आली आणि राजाच्या बाहुलीची दोरी समोर बसलेल्या मुलीपुढे धरली. मुलीचं नाव चंद्रावळ, वय सहा, पाठचे दोन्ही भाऊ गेलेले.

बुधाजी कळवळला. "बाय, पोरां मोडतली बाहुले."

"बाहुले मोडले तर नवे करू," भागू म्हणाली. "पोरां मोडली तर काय करूचा?"

चंद्रावळीने दोरी ओढली. राजाचा हात खांद्यातून निखळून मातीत पडला. मुलगी भेदरली. सात पिढ्यांचा तो राजा तसाच ठेवून भागू तिच्यासमोर मातीत बसली.

"राजाचो हात खंय गेलो गो?"

मग चंद्रावळ पुटपुटली, "मगरीन खाल्ल्यान."

"मगे?"

"मगे राजा मगरीच्या पोटात गेलो."

"मगे?"

मागून एक पोरगा म्हणाला, की मगर हवी, आणि विरी आणायला धावला. दुसऱ्याने सोडणाला डोळे काढले. कुणी राणी केली, कुणी राणीची म्हैस. भागूने पेटाऱ्यातल्या सगळ्या बाहुल्या दोऱ्यांसकट पोरांना वाटल्या. दिवस कलेपर्यंत मगर तीनदा मेली, तीनदा उठली, आणि वडाखाली असा गलका माजला की बाया चुली टाकून धावत आल्या. चंद्रावळ पारावर उभी राहून हसत होती. तिची आई पदर तोंडाला लावून रडली, असे सांगतात.

सात पिढ्यांचा पेटारा त्या दिवशी रिकामा झाला. तो डोक्यावर घेऊन भागू गावाबाहेर निघाली तेव्हा सगळं गाव वाजतगाजत वेशीपर्यंत गेलं. असा मान त्याआधी फक्त ग्रामदेवतेच्या पालखीला मिळत असे म्हणे.

आजही माघात, भागूने बाहुल्या वाटल्या त्या तिथीला, कातळवणात गोष्ट पोरंच सांगतात, बाहुल्याही त्यांच्याच हातच्या, आणि खेळ संपला की ती त्या वडाच्या पारंब्यांना बांधतात. थोरांनी भोवती बसायचं आणि बोलायचा शब्द एकच, "मगे?"