पालथ्या काठवटीचा माळ

सकाळी दिवस दोन कासरे वर आला, की हिवरखेडीच्या माळावर गवत कापणारी बाई थांबते. विळा खाली ठेवते, पुढच्या गवतात हात घालून कासव आहे का बघते, मगच कापते. याच वेळेला पेंढारी आले होते, असे सांगतात.

त्यांनी घरं पेटवली, पारावर माणसं कापली. धुरपदेचा नवरा त्यांतच गेला. ती भाकरीचं पीठ मळत होती. पीठ फेकून काठवटीत सव्वा महिन्याची लेक घातली, कमरेला विळा खोवला आणि माळाकडं पळाली.

माळावर करवंदीच्या जाळ्यांखाली चांदण्यांच्या पाठीची कासवं पिढ्यान् पिढ्या राहतात. टापा जवळ आल्या तशी तिनं लेक कासवांच्या मधोमध ठेवली, वर काठवट पालथी घातली, कासवाच्या पाठीसारखी दिसावी म्हणून माती फासली, आत वारा जावा म्हणून कडेखाली दगड दिला आणि जाळीत शिरली. काटे गालात रुतले, तरी ती आणखी आत सरकली.

एकच स्वार वर आला. त्याला खेळ सुचला. कासवाच्या पाठीवर भाला टेकवायचा आणि जोर द्यायचा. पाठ फुटल्याचा आवाज धुरपदेला जाळीत ऐकू येई. तीन फोडली, चार फोडली. आता पाळी काठवटीची.

तेवढ्यात सगळ्यांत थोरलं कासव, जे तिच्या आजेसासूनंही थोरलंच पाहिलेलं, ते काठवटीसमोर येऊन आडवं झालं म्हणे. भाला त्याच्या पाठीत गेला तो अडकलाच. स्वार घोड्यावरून उतरला आणि पाय देऊन उपसायला वाकला. धुरपदेनं मागून येऊन त्याच्या मानेवर विळा ओढला, तो हलायचा थांबेपर्यंत ओढतच राहिली.

काठवट उचलली तर लेक मूठ चोखत होती.

उरलंसुरलं गाव परतलं. होळीनंतर नव्या गवतासाठी माळ पेटवायची रीत होती. धुरपदा नको म्हणाली. राणोजी पाटील हसले.

"मग गुरांनी काय कासवं चरायची, पोरी?"

तिनं लेक गवतात ठेवली, वर काठवट पालथी घातली आणि पेटती चूड पाटलांच्या हाती दिली.

"लावा आता."

पाटलांनी चूड पायाखाली विझवली.

भाल्याचं पातं पाठीत घेऊन थोरलं कासव तिच्या नातसुनेपर्यंत जगलं म्हणे. माळ तेव्हापासून पेटला नाही. आजही हिवरखेडीत सव्वा महिन्याचं लेकरू क्षणभर पालथ्या काठवटीखाली ठेवतात. तुमच्याकडं कुणी माळ जाळायला निघालं, तर आधी जाळीखाली वाकून बघायला सांगा. आणि ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांनाही हे सांगा. कडेचा दगड तेवढा विसरू नका म्हणावं.