टाइट म्हणजे काय

सायकली बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका चाकातला थोरला स्पोक तुटला. शेजारचा धाकटा भाऊ रडून रडून गंजायला आला. स्पोक पिळून टाइट करणारी चावी जवळ येताच तो ओरडला, "मला हात लावू नकोस, मावशी! दादा टाइट होता म्हणून गेला. मी ढिलाच बरा."

"टाइट होता म्हणून नाही रे," चावी म्हणाली. "आजूबाजूचे सगळे ढिले होते. साऱ्या चाकाचा भार त्या एकट्यावर आला."

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुला कुणी पिळलंच नव्हतं, बाळा. मलाच यायला उशीर झाला."

दादाच्या जागी बसलेला नवा स्पोक थरथरत होता. धाकटा म्हणाला, "मावशी, आधी मला टाइट कर."

चावीने सगळ्यांना सारखं पिळलं. चढ आला तसा धाकट्याने श्वास रोखला. ओझं आलं, पण त्याच्या वाट्याला थोडंसंच आलं.