शालिकरावांचे पायमोजे

“…मग पास झालेल्या माणसाला पुन्हा पहिलीत बसवायचं, हा कुठला न्याय, भन्ते?”

शालिकराव रामटेके एवढं बोलले आणि धाप लागून थांबले. टेकडीवरच्या विहाराच्या पायऱ्या चढून बराच वेळ झाला होता, तरी श्वास काही जागेवर येईना.



शालिकराव वनखात्यातून निवृत्त झालेले. ऐन तारुण्यात एचआयव्ही निघाला, तेव्हा सख्ख्या भावानं त्यांचं ताट वेगळं केलं होतं. पण त्यांनी हाय खाल्ली नाही. गोळी कधी चुकवली नाही. आता रक्तात विषाणू सापडतही नव्हता. नव्यानं आजार कळलेल्यांची बैठक ते चालवत. तालुक्यात कुणी खचलं की लोक म्हणत, “रामटेकेंकडं बघ.”

“कोण बसवतंय पहिलीत?” भन्ते उपसेनांनी विचारलं.

“डॉक्टर. रक्तदाब होताच. मग साखर आली. आता म्हणतात, हृदय थकलंय. विषाणू झोपला तरी त्याची धग आत राहते म्हणे, आणि या सगळ्याचा भार हृदयावर येतो. आणखी गोळ्या दिल्यात. मीठ कमी, पाणी बेतानं.”

“घेता?”

“नाही.”

“का?”

“ज्याला सगळं जग घाबरतं, त्याला मी हरवलं, भन्ते. आता या किरकोळांपुढं मान तुकवू?”

 भन्तेंची नजर शालिकरावांच्या पायांवर होती. वैशाखाचं ऊन, फरशीसुद्धा तापलेली. आणि शालिकरावांच्या पायांत जाड लोकरीचे मोजे.

“थंडी वाजते?”

“नाही.”

“मग काढा.”

शालिकरावांनी मागं वळून पाहिलं. विहारात दुसरं कुणी नव्हतं. ते मोज्यांकडं वाकले आणि वाकताच श्वास कोंडला. भन्ते उठले, त्यांच्यासमोर येऊन खाली बसले आणि स्वतःच्या हातांनी मोजे उतरवू लागले.

“भन्ते, नको! तुम्ही माझ्या पायांना…”

मोजे निघाले. पाय सुजून चकाकत होते. भन्तेंनी नडगीवर अंगठा टेकवला, दाबला, उचलला.

मांसात खळगा पडला.

दोघं त्या खळग्याकडं पाहत राहिले. तो भरेना.

“घरी ठाऊक आहे?”

“मुलीला संशय आहे. मोजे तिच्यासाठी… आणि बैठकीतल्या लोकांसाठी.”

“त्यांनी पाहिलं तर?”



“परवा एक बाई आली होती, भन्ते. पोटुशी. औषध सुरू करायला तयारच होईना. मला पाहून तयार झाली. उद्या तिनं हे पाय पाहिले तर म्हणेल… औषध खोटं. याला रोगानं गाठलंच.”

“तिला काय सांगितलंत?”

“सगळ्यांना सांगतो तेच. लाजू नको. लपवू नको. जो लपवतो, त्याला रोग आधी…”

त्यांची नजर स्वतःच्या उघड्या पायांवर गेली.

खाली तळ्यात कुणीतरी म्हशी धूत होतं. पाणी उडाल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. शालिकराव रडले नाहीत. फक्त इतकी वर्षं ताठ धरलेले खांदे हळूहळू खाली आले.

मग त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. डॉक्टरांनी दिल्यापासून ती तिथंच होती, न उघडलेली.

“पाणी मिळेल?”

भन्तेंनी माठातून अर्धाच पेला भरून आणला. शालिकरावांनी गोळी घेतली. अर्धा पेला पाहून त्यांना किंचित हसू आलं. मग पुन्हा चेहरा उतरला.

“उद्या बैठक आहे, भन्ते. मी तिथं तासभर उभ्यानं बोलतो. सगळे माझ्याकडंच बघतात… त्यांना काय सांगू?”

“आधी खुर्ची मागा,” भन्ते म्हणाले.