दयाखात्याचा बगळा

जनावरांचंही सरकार होतं, त्या काळची गोष्ट. भोरी नावाच्या म्हाताऱ्या म्हशीनं उकिरड्यावर टाकलेली मांजराची सात पिल्लं गोठ्यात आणून जगवली. गोठा ऐसपैस, पण थंडीनं पिल्लं तिच्या पोटाशी एकावर एक झोपत.

एके सकाळी दयाखात्याचा बगळा दोन कोल्हे घेऊन आला. "टोपलीभर जागेत सात जीव? हा छळ आहे!"

"साहेब, त्यांना ऊब लागते. बाकी गोठा रिकामाच आहे की!"

"म्हातारे, कायदा मला शिकवतेस?"

कोल्ह्यांनी सातही पिल्लं एकाच पोत्यात कोंबून नेली. भोरी रेकत राहिली. सरकारी आवारात प्रत्येकाला मोठा, वेगळा पिंजरा मिळाला.

तिसऱ्या दिवशी बगळा परत आला. "भोरे, पिल्लं काकडलीत, दूध पीत नाहीत. दोन गेली. जरा येतेस?"

"उकिरड्यावर होती तेव्हा तुझी दया कुठं शेण खात होती रे मेल्या?"

भोरी तडक गेली, शिंगांनी पिंजरे फोडले आणि तिथंच बसली. उरलेली पाच तिच्या पोटाशी ढीग करून झोपली.

बगळ्यानं चोच उघडली, "पण एवढी दाटी..."

भोरीनं नुसतं शिंग वळवलं. बगळ्यानं चोच मिटली.